अलार्म वाजला तरी पोलीस येतीलच असं नाही: अमेरिकेत नव्याने घर घेणाऱ्यांसाठी

घराच्या किल्ल्या हातात पडून आठवडा होत नाही, तोवर दारावर टकटक होते. हातात टॅब्लेट, गळ्यात ओळखपत्र, तोंडभर हसू. "या भागात चोऱ्या वाढल्यात, तुमच्या शेजाऱ्यांनी कालच सिस्टीम बसवली." मग तो दाराचे सेन्सर, खिडक्यांचे सेन्सर, कॅमेरा, महिन्याचे पैसे असं सगळं घडाघडा सांगतो. एक गोष्ट मात्र त्याच्या तोंडून कधी निघत नाही: अलार्म वाजल्यावर पोलीस येणार की नाही, हे त्याची कंपनी ठरवतच नाही. ते तुमचं शहर, टाउनशिप किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ठरवते. त्यासाठी प्रत्येक ठिकाणचा वेगळा लेखी नियम असतो. तो न वाचता अलार्म लावला, तर पहिलं पत्र बहुधा दंडाचंच येतं. आमचं तसंच झालं, ती गोष्ट पुढे येईल.

आधी हे नियम का आले ते थोडक्यात. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत २००२ सालचा अंदाज दिला आहे. त्या एका वर्षात देशभरातले पोलीस सुमारे ३ कोटी ६० लाख अलार्मच्या मागे धावले आणि त्यावर अंदाजे १.८ अब्ज डॉलर खर्च झाले. यातले ९४ ते ९८ टक्के अलार्म खोटे होते. शंभरदा धावायचं आणि दोन ते सहा वेळाच काहीतरी सापडायचं. बाकीच्या वेळी वाऱ्याने हललेला पडदा, कोड विसरलेला मुलगा, नाहीतर चार्जिंग संपलेली बॅटरी. हा खर्च सगळ्यांच्या करातून जातो, म्हणून शहरांनी परमिट, दंड आणि "आधी खात्री करा, मग बोलवा" असे नियम केले.

पायरी १: तुमचं घर नेमकं कोणाच्या हद्दीत आहे?

हा प्रश्न ऐकून हसू येईल, पण निम्मे घोटाळे इथेच होतात. अमेरिकेत पत्त्यावरचं गावाचं नाव पोस्टाने दिलेलं असतं. पोलीस त्याच गावाचे असतील असं नाही. न्यू जर्सीत पत्ता आयझेलिनचा असतो आणि कारभार वुडब्रिज टाउनशिपचा. मॉनमाउथ जंक्शनला राहणारे खरं तर साउथ ब्रन्सविक टाउनशिपमध्ये असतात. टेक्सासमध्ये "कॅटी" असा पत्ता असलेली असंख्य घरं कॅटी शहराच्या हद्दीत नाहीतच, ती काउंटीच्या ताब्यातल्या भागात आहेत. तिथे शहराचे पोलीस नाहीत, शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची, माणसं येतात. नियमही काउंटीचा आणि परमिटही काउंटीचंच.

सोपा उपाय म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा. कर कोणाकोणाला जातो त्यात शहराचं नाव आहे का ते पाहा. तरी शंका राहिली तर पोलिसांच्या साध्या, म्हणजे आणीबाणीच्या नसलेल्या नंबरवर फोन करून विचारा, "या पत्त्यावर अलार्म वाजला तर कोण येतं?" त्यांना या प्रश्नाची सवय असते. हा फोन ९११ वर करायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

पायरी २: नियम काढून वाचा

शहराच्या संकेतस्थळावर "अलार्म परमिट" किंवा "फॉल्स अलार्म" शोधलं की पान मिळतं. तिथे थोडक्यात माहिती असते, पण मूळ ऑर्डिनन्स, म्हणजे शहराचा स्थानिक कायदाही वाचा. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण तुम्हाला त्यातल्या मोजक्याच गोष्टी हव्या आहेत.

परमिट लागतं का आणि दरवर्षी नवं करावं लागतं का, हे पहिलं पाहा. त्यानंतर दंडाशिवाय किती फॉल्स अलार्म माफ आहेत ते पाहा. माफीचा आकडा वाचून लोक थांबतात, पण त्यामागचं "वर्ष" कोणतं हेही बघायला हवं. काही ठिकाणी ते जानेवारी ते डिसेंबर असतं, काही ठिकाणी परमिटच्या तारखेपासून मोजतात, तर काही ठिकाणी आजपासून मागे बारा महिने. शेवटच्या प्रकारात डिसेंबरचा खोटा अलार्म जानेवारीत पुसला जात नाही.

शहरांच्या डोक्यावर राज्याचा कायदाही असतो. टेक्सासचं उदाहरण घेऊ, कारण तिथला कायदा घरमालकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. तिथे शहराला घरगुती परमिटसाठी वर्षाला ५० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. मागच्या बारा महिन्यांत आधीचे तीन फॉल्स अलार्म झाल्याशिवाय दंड लावता येत नाही. त्यापुढे दंड ५० डॉलरपासून चढत जातो, पण नेहमीच्या घरफोडीच्या अलार्मसाठी एका वेळी १०० च्या वर जात नाही. यातलं एक कलम मला फार आवडतं. अलार्मची खबर मिळाल्यापासून ३० मिनिटांच्या आत पोलीस आले नाहीत आणि त्यांनी घर आतून किंवा बाहेरून पाहिलं नाही, तर तो अलार्म "खोटा" म्हणून मोजताच येत नाही. म्हणजे दीड तासाने येऊन दारावर चिठ्ठी चिकटवली, तर त्या चिठ्ठीवर दंड उभा राहत नाही. टेक्सासमध्ये राहत असाल तर दंडाच्या पत्रावरच्या वेळा नीट तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुमचं शहर "पडताळणीशिवाय येणार नाही" या गटातलं आहे का? तिथे सेन्सरने दिलेला नुसता इशारा पुरत नाही. कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं हवं, किंवा कॅमेऱ्यात माणूस दिसायला हवा, किंवा काच फुटल्याचा, बोलण्याचा आवाज यायला हवा. लास व्हेगसने हे १९९१ मध्येच सुरू केलं. सॉल्ट लेक सिटीने डिसेंबर २००० मध्ये नियम केला की आधी खासगी सुरक्षारक्षक जाऊन पाहील आणि काही गडबड असली तरच पोलीस येतील. तिथे पोलिसांकडे जाणारे अलार्मचे फोन सुमारे ९० टक्क्यांनी घटले. आपली इतकी माणसं राहतात त्या सॅन होजेने २०१२ मध्ये हाच मार्ग धरला. सिएटलचा बदल तर ताजा आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा. तिथल्या पोलिसांनी दिलेलं कारणही आकड्यांत आहे: २०२३ मध्ये अलार्मचे १३,००० फोन आले आणि त्यातल्या ४ टक्क्यांहून कमी ठिकाणी अटक किंवा गुन्ह्याचा अहवाल होण्याजोगं काही सापडलं.

अशा शहरात राहत असाल तर फक्त दारा-खिडक्यांचे सेन्सर घेऊन उपयोग थोडाच. भोंग्याला घाबरून चोर पळेल एवढंच. तिथे दारासमोर आणि आत येण्याच्या वाटेवर कॅमेरा हवाच. नाहीतर हाकेच्या अंतरावर असा शेजारी हवा जो खिडकीतून डोकावून "हो, मागचं दार फोडलंय" असं ९११ ला सांगेल. त्याने घरात शिरायचं नाही, फक्त लांबून पाहायचं.

पॅनिक बटणाचं गणित मात्र निराळं आहे. घरात कोणी शिरलंय आणि तुम्ही ते बटण दाबलं, तर पडताळणीच्या शहरांतही पोलीस येतात, आणि लगबगीने येतात. म्हणूनच ते चुकून दाबलं गेलं तर दंडही बऱ्याच ठिकाणी जास्त असतो. पाहुण्यांना सिस्टीम दाखवताना "आणि हे बघा, हे दाबलं की पोलीस" असं म्हणत ते दाबून दाखवणारे महाभाग मला माहीत आहेत.

पायरी ३: परमिट काढा, सिस्टीम सुरू करण्याआधी

कंपनी परमिट काढून देईल असं गृहीत धरू नका. काही कंपन्या अर्ज भरून देतात, काही नुसती आठवण करतात, काही तेवढंही नाही. बहुतेक ठिकाणी जबाबदारी घरात राहणाऱ्याची असते, आणि भाड्याने राहत असाल तर भाडेकरूची. जुन्या मालकाचं परमिट चालत नाही, ते माणसाच्या आणि पत्त्याच्या जोडीवर असतं. परमिट नसताना अलार्म वाजला तर त्याचा दंड वेगळा लागतो. काही शहरांत तर परमिट नसलेल्या घराकडे पोलीस फिरकतच नाहीत.

अर्जात दोन-तीन जणांची नावं आणि फोन नंबर द्यावे लागतात. ही माणसं अशी हवीत की ज्यांच्याकडे घराची किल्ली आणि कोड आहे आणि जी थोड्या वेळात येऊ शकतात. सवयीने दोन्ही नंबर नवरा-बायकोचे देऊ नका. दोघं एकाच विमानात असाल तेव्हा ते दोन्ही नंबर बंद असतात. जवळ राहणारा मित्र शोधा, त्याला विचारा, कोड द्या आणि मग त्याचं नाव लिहा. नंबर बदलला की अर्जातही बदला, हे सगळेच विसरतात.

एक सावधगिरी. परमिटचं आणि दंडाचं काम बरीच शहरं बाहेरच्या कंपनीला देतात. त्यामुळे नूतनीकरणाचं पाकीट तुमच्या गावाहून न येता भलत्याच राज्यातल्या पोस्ट बॉक्सवरून येतं. ते इतकं फसवं दिसतं की आपण फाडून टाकतो. उलट खरोखरची फसवी पत्रंही येतात. म्हणून पाकिटावरच्या दुव्यावर जाऊ नका आणि तिथल्या नंबरवर पैसेही भरू नका. शहराच्या संकेतस्थळावरून सुरुवात करा, ते ज्या पानावर नेईल तिथेच परमिटचा क्रमांक टाकून खात्री करा.

घरफोडीचा आणि आगीचा अलार्म ही दोन वेगळी खाती आहेत, हेही लक्षात असू द्या. आगीला अग्निशमन दल येतं आणि त्याचे नियम व दंड निराळे असतात. आपल्या फोडणीने स्मोक डिटेक्टर किंचाळणं हा तर घरोघरीचा अनुभव. तो डिटेक्टर मॉनिटरिंगला, म्हणजे इशारा आला की पोलिसांना किंवा बंबाला कळवणाऱ्या कंपनीच्या केंद्राला, जोडलेला असेल तर मिरचीचा ठसका दारात बंब आणू शकतो. स्वयंपाकाच्या शेगडीपासून तो निदान १० फूट लांब हवा. इन्स्टॉलर जवळ लावत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

पायरी ४: करारावर सही करण्याआधी

दारावर आलेल्या माणसाकडून सिस्टीम घेतलीत आणि रात्री झोपताना पश्चात्ताप झाला, तर उपाय आहे. केंद्रीय नियमाप्रमाणे तुमच्या घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्याहून जास्तीची विक्री तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येते. रद्द करण्याचा फॉर्म विक्रेत्यानेच द्यायचा असतो, तेव्हा तो मागून घ्या. "तुमच्या जुन्या कंपनीला आम्ही विकत घेतलंय, पॅनेल बदलायला आलोय" असं म्हणत येणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा. आधी जुन्या कंपनीला त्यांच्या बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारा.

कंपनीकडे राज्याचा परवाना आहे का ते पाहा. कॅलिफोर्नियात आणि टेक्सासमध्ये परवाने ऑनलाइन तपासता येतात. पॅनेल (सिस्टीमचा मुख्य डबा) "सीपी-०१" मानकाचं आहे का तेही विचारा. फॉल्स अलार्म कमी व्हावेत म्हणून केलेलं हे मानक आहे आणि पुष्कळ शहरं ते मागतात. विक्रेत्याने कोऱ्या चेहऱ्याने पाहिलं तर समजा की तो टॅब्लेटवर लिहिलेलंच बोलतो.

मग मॉनिटरिंग सेंटर काय करतं ते विचारा. इशारा आल्यावर ते आधी तुम्हाला फोन करतात, उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर, आणि मगच पोलिसांना. हा दोन फोनांचा रिवाज आता बहुतेक ठिकाणी आहे. फ्लोरिडात तर पोलिसांना कळवण्याआधी घराशी जोडलेल्या नंबरवर फोन करणं राज्याच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. दोन्ही नंबर मोबाइलचे द्या, दोन वेगळ्या माणसांचे. आणि त्या सेंटरचा नंबर दोन्ही फोनांत नावासकट साठवून ठेवा. आपण सगळे अनोळखी नंबर कापतो, आणि नेमका हाच कापला जातो.

२०२३ पासून "एव्हीएस-०१" नावाची एक नवी पद्धत आली आहे. तिच्यात सेंटर अलार्मला ० ते ४ अशी पातळी देतं. ० म्हणजे पोलिसांना बोलवायचं कारण नाही, २ म्हणजे घरात कोणीतरी माणूस आहे पण हेतू कळत नाही, ४ म्हणजे जिवाला धोका. कॅमेरा असला तर तुमचा इशारा वरच्या पातळीवर जायची शक्यता वाढते. तुमच्या गावचे पोलीस ही पद्धत वापरतात का हे विचारून ठेवा. वापरत असतील तर कॅमेऱ्यावर घातलेले पैसे वसूल झाले म्हणायचे.

घरात आधीच्या मालकाचं जुनं पॅनेल भिंतीवर असेल तर ते चालू आहे असं समजू नका. २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झाली, तेव्हा त्यावर बोलणारी पॅनेल मुकी झाली. भोंगा वाजतो, दिवे लागतात, बाहेर मात्र काहीच कळत नाही.

पायरी ५: घर आणि कीपॅड

बाहेर पडताना आणि आत येताना मिळणारा वेळ बदलता येतो. इन्स्टॉलर घाईत असतो, तो कारखान्यातून आलेलं तसंच ठेवतो. सीपी-०१ च्या पॅनेलवर बाहेर पडायला किमान ४५ सेकंद आणि आत आल्यावर किमान ३० सेकंद मिळतात. दोन्ही हातांत किराणा, कडेवर मूल, बर्फाचे बूट काढायचे, यात ३० सेकंद कुठे जातात कळत नाही. वाढवून घ्या.

कोणी धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला, तर वापरायचा एक गुप्त कोड असतो. कीपॅडवर सगळं नेहमीसारखं बंद झालेलं दिसतं, पण पोलिसांना खबर जाते. हा कोड नेहमीच्या कोडच्या शेवटच्या आकड्यात एक मिळवून केलेला असेल, तर लगेच बदला. बोट घसरलं की चुकून तोच दाबला जातो. म्हणूनच कितीतरी ऑर्डिनन्समध्ये या "एक मिळवा" पद्धतीवर बंदी आहे.

हालचाल टिपणाऱ्या सेन्सरसमोर काय आहे ते बघा. हीटिंगची झडप आणि वर हलणारा पडदा ही नेहमीची जोडी. वाढदिवसाचे हेलियमचे फुगे रात्री हळूहळू खाली येत हॉलभर फिरतात आणि सेन्सरला ते माणूस वाटतात. गणपतीच्या मखराची झिरमिळ्यांची माळ पंख्याच्या वाऱ्यावर हलत असेल तर तीही. दहा दिवस त्या खोलीतला मोशन सेन्सर बंद ठेवा आणि दारांचे चालू ठेवा, हे ॲपवरून करता येतं. राहता राहिली पॅनेलमधली बॅटरी. ती ३ ते ५ वर्षांत म्हातारी होते आणि वीज गेली-आली की गडबडते. कीपॅड "लो बॅटरी" म्हणतो तेव्हा तो खरंच सांगत असतो.

सिस्टीम तपासून पाहायची असेल तर आधी सेंटरला फोन करून तेवढ्या वेळापुरती "टेस्ट"वर टाकायला सांगा.

पायरी ६: आई-बाबा आले आहेत

खरं तर हा लेख मी या पायरीसाठी लिहायला घेतला. बाकीचं तुम्हाला इंग्रजीत कुठेही मिळेल.

माझे सासू-सासरे पहिल्यांदा आले त्याची तिसरी पहाट. बाबांना पावणेपाचला जाग आली. त्यांच्या घड्याळात दुपार होती. बाहेर कुठलातरी पक्षी ओरडत होता, तो बघायला त्यांनी मागचं सरकतं दार उघडलं. भोंगा सुरू झाला. सेंटरचा पहिला फोन माझ्या मोबाइलवर आला, तो मूक होता. दुसरा नवऱ्याच्या फोनवर आला, त्याने झोपेत "स्पॅम" म्हणून कापला. आम्ही खाली धावत येऊन कोड दाबला, बाबांना चहा दिला, आणि आता सगळं संपलं असं समजलो. सेंटरला फोन करायचा असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. वीसेक मिनिटांनी अंगणात दोन टॉर्च फिरताना दिसले. बाबा बनियन आणि लेंग्यात, हातात चहाचा कप घेऊन दारात उभे, आणि समोर कमरेला पिस्तूल लावलेले दोन पोलीस. ते अतिशय सभ्यपणे वागले हो. पण बाबा पुढचे तीन महिने त्या दाराला हात लावेनात. आणि आठवड्याने दोन दंड आले: एक परमिट नसल्याचा, एक खोट्या अलार्मचा.

तर, घरी मोठी माणसं राहायला आली की हे करा.

त्यांना स्वतंत्र कोड द्या, त्यांच्या लक्षात राहील असा. कीपॅडजवळ कोड लिहून ठेवू नका. पण "बंद करायला इथे दाब" असा मराठीतला कागद चिकटवायला हरकत नाही. चोराला वाचता येण्याची शक्यता कमीच. आल्या दिवशी एकदा टेस्टवर टाकून भोंगा वाजवून दाखवा. आवाज ओळखीचा झाला की भीती अर्धी होते.

सेंटरचा फोन घरच्या नंबरवर आला तर पलीकडचा माणूस भराभर इंग्रजीत नाव आणि सांकेतिक शब्द विचारतो. शब्द चुकला किंवा फोन गोंधळून ठेवला, तर ते पोलिसांना पाठवतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. म्हणून सांकेतिक शब्द आई-बाबांना सहज म्हणता येईल आणि पलीकडच्यालाही समजेल असा ठेवा. आमचा "मँगो" आहे. आईंना एकच वाक्य पाठ करून दिलंय: नाव सांगायचं आणि "पासवर्ड मँगो" म्हणायचं.

आणि सरळ उपाय म्हणजे ते असेपर्यंत रात्रीचा अलार्म फक्त खालच्या मजल्याच्या खिडक्यांपुरता ठेवा. पहाटे फिरायला जाणारा माणूस घरात असताना दाराला सेन्सर लावून झोपणं म्हणजे दंडाला आमंत्रण.

पायरी ७: वाजल्यावर

तुम्ही घरात आहात आणि चूक तुमचीच आहे, तर कोड दाबा आणि लगेच सेंटरला फोन करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका. पोलीस पोचण्याआधी रद्द केलेला अलार्म बऱ्याच शहरांत मोजत नाहीत. भोंगा फार वेळ वाजत ठेवू नका, त्याचेही नियम आहेत. न्यूयॉर्क शहरात इमारतीचा अलार्म १५ मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे.

बाहेरून घरी आलात आणि दार फोडलेलं दिसलं तर आत जाऊ नका. गाडीत बसा, थोडं पुढे जा आणि ९११ लावा.

रद्द करूनही पोलीस आलेच, तर दिवे लावा, पुढच्या दारातून या, हात मोकळे आणि दिसतील असे ठेवा. फोनसुद्धा खिशात असू द्या. त्यांच्या लेखी तुम्ही घरमालक आहात हे अजून ठरलेलं नाही. ओळखपत्र मागितलं तर "आणायला आत जातो" असं आधी बोला, मग जा.

पायरी ८: दंड आलाच तर

पत्र बाजूला टाकू नका. बहुतेक शहरांत ही फी किंवा दिवाणी दंड असतो, पण काही गावांत ते स्थानिक कोर्टाचं समन्स असतं, आणि त्याची तारीख चुकवणं मूळ दंडापेक्षा महागात पडतं. अपिलाची मुदत पत्रावर असते आणि ती थोड्याच दिवसांची असते. वादळ, वीज जाणं, फोन लाइनमधला बिघाड अशी कारणं पुष्कळ ऑर्डिनन्समध्ये माफीला पात्र धरलेली असतात, पण पुरावा तुम्ही द्यायचा. सेंटरकडून त्या रात्रीची नोंद मागून घ्या. इशारा किती वाजता आला, फोन कधी केले, रद्द कधी केलं हे मिनिटा-सेकंदासकट त्यात असतं. काही शहरांत "अलार्म स्कूल" म्हणजे छोटा ऑनलाइन वर्ग केला की एक दंड माफ होतो. आम्ही तोच केला. प्रश्न सोपे होते आणि त्यातल्या अर्ध्या चुका आम्ही आधीच करून बसलो होतो.

मॉनिटरिंगचे पैसे न भरता स्वतःच बघणार असाल तर

हल्ली कितीतरी जण सेंटर घेत नाहीत, फोनवर कॅमेरा बघतात. परमिटचा नियम त्यांनाही लागू आहे का ते वाचा, काही शहरांत आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. ९११ चा फोन तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या केंद्रात जातो, घर जिथे आहे तिथल्या नव्हे. ऑफिसच्या गावातून लावला तर तिथला माणूस तुमच्या गावाला जोडून देईल, पण त्यात वेळ जातो. पुण्याहून तर तो तुमच्या गावच्या पोलिसांपर्यंत पोचायचाच नाही. म्हणून तुमच्या गावच्या पोलीस डिस्पॅचचा, म्हणजे फोन घेऊन पोलीस पाठवणाऱ्या कक्षाचा, दहा आकडी नंबर आजच शोधा आणि अमेरिकेचा कोड लावून साठवा. डिसेंबरमध्ये भारतात जाताना तोच नंबर, घराचा पूर्ण पत्ता, परमिटचा क्रमांक आणि किल्ली असलेल्या मित्राचं नाव एका कागदावर लिहून दोघांच्या पर्समध्ये ठेवा. पुण्यात दुपार असते तेव्हा तिकडे मध्यरात्र असते. कॅमेऱ्यात कोणी दिसलंच, तर आधी डिस्पॅचला फोन करा, मग मित्राला झोपेतून उठवा, आणि त्याला सांगा की गाडीतून उतरू नको.